संशय, वितंडा आणि हवामान : तीन संहितांच्या निमित्ताने

१

गेल्या तीन-चार दशकांत साहित्यसमीक्षेने जी साधने परजली, त्यांत संशय हे सर्वांत धारदार साधन ठरले आहे. संहिता जे सांगते त्यापेक्षा ती जे झाकते ते पाहावे; 'स्वाभाविक' म्हणून जे पुढे केले जाते त्यामागील घडण उघडी करावी; ज्ञानाच्या प्रत्येक दाव्यापाशी थांबून हा दावा कोणाच्या सोयीचा आहे असे विचारावे, ही वाचनाची रीत आता विद्यापीठीय अभ्यासक्रमात पुरती स्थिरावली आहे. फुको किंवा देरिदा यांचे मूळ ग्रंथ न वाचलेला पदव्युत्तर विद्यार्थीही ती सहजपणे वापरतो. मात्र हीच रीत साहित्याबाहेरच्या एका क्षेत्रात, आपल्याला अपेक्षित नसलेल्या हातांत दिसू लागते, तेव्हा समीक्षकाला थबकणे भाग पडते.

हवामानबदलाची चळवळ आणि तिच्या आधारे आखली जाणारी पर्यावरणीय धोरणे यांविषयी शंका उपस्थित करणारे विपुल लेखन १९९० नंतर, विशेषतः अमेरिकेत, निर्माण झाले. त्याची परिभाषा आपल्या चांगल्या परिचयाची आहे. शास्त्रज्ञांचे 'एकमत' ही घडविलेली वस्तू आहे. संगणकीय प्रतिमाने ही एका अर्थी कथनेच आहेत. अनुदान, प्रसारमाध्यमे आणि सत्ता यांच्या साखळीतून ज्ञान आकाराला येते. संकटाची भाषा ही नियंत्रणाची भाषा असते. ही विधाने आपल्याकडील एखाद्या चर्चासत्रातील निबंधातही खपून जातील. २००४ साली 'क्रिटिकल इन्क्वायरी' या नियतकालिकात ब्रूनो लातूर या फ्रेंच विचारवंताने नेमकी हीच अस्वस्थता बोलून दाखविली होती. वैज्ञानिक तथ्यांची घडण कशी होते हे दाखविण्यात ज्याने आयुष्य वेचले, त्यालाच आपली हत्यारे भलत्यांच्या हाती गेली की काय, असा प्रश्न पडला. निमित्त होते फ्रँक लुंट्झ या राजकीय सल्लागाराचे. वैज्ञानिक निश्चितीचा अभाव हाच मुद्दा चर्चेत अग्रभागी ठेवावा, असा सल्ला त्याने रिपब्लिकन पक्षाला दिला होता.

आपला संशय आणि त्यांचा संशय यांत फरक आहे काय, आणि असल्यास तो कोठे आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे. 'त्यांचा हेतू वाईट आहे' हे उत्तर पुरेसे नाही. तंबाखूच्या व्यवसायातील एका अमेरिकी कंपनीच्या १९६९ मधील अंतर्गत टिपणात शंका हेच आपले उत्पादन असल्याची कबुली होती, हे सर्वश्रुत आहे. नेओमी ओरेस्केस आणि एरिक कॉनवे यांनी 'मर्चंट्स ऑफ डाउट' (२०१०) या ग्रंथात हा वारसा हवामानविषयक वादापर्यंत कसा पोचला ते कागदपत्रांच्या आधारे दाखविले आहे. परंतु हेतू हा संहितेबाहेरचा पुरावा आहे. प्रत्येक शंकेखोर विकत घेतलेला नसतो, आणि प्रत्येक कार्यकर्ता निरपेक्ष सत्यशोधक नसतो. समीक्षकाला निकष हवा असेल तर तो संहितेच्या अंगरचनेतच सापडावयास हवा.

२

असा निकष आपल्या परंपरेत उपलब्ध आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. प्रमाण आणि प्रमेय यांनंतर लगेच, तिसऱ्या क्रमांकावर, संशय येतो. संशय हा येथे दोष नाही. ज्याविषयी काही कळलेले नाही किंवा जे पुरते ठरून गेले आहे, तेथे न्यायाची प्रवृत्ती होत नाही, संदिग्धाच्या ठायीच होते, असे भाष्यकार वात्स्यायन सांगतो. नवव्या क्रमांकावर निर्णय आहे : संशय घेऊन, पक्ष आणि प्रतिपक्ष यांच्या द्वारे केलेले अर्थाचे अवधारण. तिसऱ्यापासून नवव्यापर्यंतचा हा प्रवास प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव आणि तर्क या टप्प्यांनी होतो. म्हणजे संशयाला एक दिशा आहे.

त्यानंतर कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार येतात. तत्त्व जाणण्यासाठी प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो, आणि छल, जाति, निग्रहस्थान यांचा ज्यात उपयोग केला जातो, तो जल्प. जल्पातून प्रतिपक्षाची स्थापना वगळली की उरते ती वितंडा. वैतंडिक दुसऱ्याचे खंडन करतो, स्वतःचे काही मांडत नाही. वात्स्यायनाने त्याला मोठ्या मार्मिकपणे पेचात पकडले आहे. तुझे प्रयोजन काय, असे वैतंडिकाला विचारावे. त्याने प्रयोजन मान्य केले तर तोच त्याचा पक्ष होतो आणि त्याचे वैतंडिकपण संपते. मान्य केले नाही तर तो ना लौकिक ठरतो ना परीक्षक.

हे वर्गीकरण मी येथे अलंकार म्हणून आणीत नाही. 'शंका घेणे' या एकाच क्रियापदाखाली आपण ज्या भिन्न गोष्टी कोंबतो त्या वेगळ्या करण्याची सोय त्यात आहे, आणि ती सोय बोलणाऱ्याच्या अंतःकरणात न शिरता, त्याच्या बोलण्याची रचना पाहून वापरता येते. पुढे तीन संहितांच्या आधारे ती तपासून पाहू : एक कादंबरी, एका शासकीय स्वरूपाच्या अहवालातील एक परिच्छेद, आणि एक पुस्तिका. तिघींचाही संबंध हवामानविषयक चळवळ किंवा धोरण यांविषयीच्या संशयाशी आहे.

३

मायकेल क्रायटन (१९४२–२००८) यांची 'स्टेट ऑफ फिअर' ही कादंबरी डिसेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. कथानक थोडक्यात असे : एका श्रीमंत पर्यावरणवादी संस्थेचा प्रमुख निकोलस ड्रेक हा हवामानबदलावरील परिषदेच्या सुमारास जगाला हादरवून सोडणाऱ्या आपत्ती कृत्रिमरीत्या घडवून आणण्याच्या कटात गुंतलेला आहे. अंटार्क्टिकातील प्रचंड हिमखंड तोडणे, अमेरिकेत पूर आणणे, पॅसिफिकमध्ये त्सुनामी उठविणे असे हे बेत आहेत. त्यांचा पाठलाग करणारा जॉन केनर हा प्राध्यापक आणि गुप्त हस्तक असे दुहेरी व्यक्तिमत्त्व धारण करतो. पीटर इव्हान्स हा तरुण वकील त्याच्या सहवासात हळूहळू 'जागा' होतो.

साहसकथा म्हणून या कादंबरीची वेगळी दखल घेण्याचे कारण नाही. लक्षणीय आहे तिची बांधणी. पात्रांच्या संवादांना तळटीपा आहेत, मजकुरात तापमानाचे आलेख आहेत, अखेरीस लेखकाचे निवेदन, परिशिष्टे आणि टिपणांसह संदर्भसूची आहे. पात्रे काल्पनिक, परंतु संदर्भ खरे, असा करार लेखक वाचकाशी आरंभीच करतो. कादंबरी आणि प्रबंध यांच्या या संकराचा परिणाम दुहेरी होतो. चुकीबद्दल जाब विचारला तर ती कादंबरी आहे. प्रभाव पाडावयाचा असेल तेव्हा तो प्रबंध आहे. हा प्रभाव कल्पित नव्हता. २८ सप्टेंबर २००५ रोजी अमेरिकी सिनेटच्या पर्यावरणविषयक समितीपुढे, जेम्स इनहोफ अध्यक्ष असताना, क्रायटन यांची साक्ष झाली. २००६ साली अमेरिकेतील पेट्रोलियम भूवैज्ञानिकांच्या संघटनेने त्यांना पत्रकारितेचा पुरस्कार दिला. कादंबरीला पत्रकारितेचा पुरस्कार मिळावा, ही घटना वाङ्मयप्रकारांच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशीच आहे.

संवादांची रचना पाहू. केनरच्या समोर बोलण्यास येतात ते वकील, नट, हौशी कार्यकर्ते. हवामानशास्त्राची बाजू तिच्या पूर्ण सामर्थ्यानिशी मांडणारा अभ्यासक या संवादांत उभाच राहत नाही. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष हा प्रतिपक्षीयाने मांडला असता त्याहूनही बळकट करून मांडण्याची शिस्त होती; येथे पूर्वपक्ष हरण्यासाठीच पाळलेला आहे. छलाचे उदाहरणही स्पष्ट आहे. २३ जून १९८८ रोजी जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटपुढे साक्ष दिली. तापमानवाढीचा त्यांचा अंदाज तिपटीने चुकला, असे केनर सांगतो. वास्तविक हॅन्सन यांनी उत्सर्जनाच्या तीन वेगवेगळ्या शक्यता धरून तीन अंदाज मांडले होते. वेगवान वाढ धरणारा पहिला अंदाज सर्वांत चढा होता. मधला त्यांना स्वतःला अधिक संभाव्य वाटत होता, आणि त्यात नव्वदच्या दशकातील एक मोठा ज्वालामुखीय उद्रेकही गृहीत धरला होता. असा उद्रेक १९९१ साली पिनातुबो येथे प्रत्यक्ष झाला. केनरच्या तोंडी फक्त पहिला अंदाज येतो. 'असे झाल्यास असे होईल' या सशर्त वाक्यातील पहिला भाग गाळून उरलेल्याचे खंडन करणे हा, वक्त्याच्या अभिप्रायाहून वेगळा अर्थ कल्पून त्याला दूषण देण्याचा, म्हणजे छलाचाच प्रकार होय.

तरीही ही कादंबरी निव्वळ टाकाऊ नाही. तिच्यातील प्रा. हॉफमन हे पात्र एक विचार मांडते : शीतयुद्धाच्या समाप्तीनंतर, १९८९ पासून, राजकारण, न्यायव्यवस्था आणि माध्यमे यांच्या युतीला समाज काबूत ठेवण्यासाठी नवे भय लागले, आणि पर्यावरणाने ते पुरविले. या विचारात तथ्यांश आहे. भयाच्या भाषेवर जगणाऱ्या संस्था असतात, आणि चळवळींनाही भयाची सवय लागते. परंतु हा विचार ज्या आकृतिबंधात आला आहे त्याच्याशीच त्याचा विरोध आहे. थरारक कादंबरी वाचकाला पुढे नेते ती भयाच्याच बळावर. त्याहून खोल विसंगती कथानकात आहे. मानवी हस्तक्षेपाने पृथ्वीचे हवामान लक्षणीयरीत्या बदलते याविषयी शंका घेणे हा या कादंबरीचा प्रतिपाद्य विषय. तिचे कथानक मात्र मूठभर माणसे हिमखंड, पूर आणि त्सुनामी हुकमी घडवू शकतात या गृहीतावर उभे आहे. कोट्यवधी लोकांच्या दैनंदिन व्यवहारातून, कोणाचाही तसा हेतू नसताना, दीड-दोन शतकांत हळूहळू होणारा बदल या आकृतिबंधात मावत नाही. त्याला प्रत्येक परिणामामागे एक खलनायक लागतो. क्रायटन यांचा अविश्वास जितका विज्ञानातून आला आहे, तितकाच तो त्यांनी निवडलेल्या वाङ्मयप्रकाराच्या मर्यादेतून आला आहे, असे मला वाटते.

अखेरच्या निवेदनात लेखक स्वतः बोलतो, आणि तेथे काही काळ वितंडा थांबते. पुढील शतकात तापमान ०.८१२४३६ अंश सेल्सिअसने वाढेल, असा स्वतःचा अंदाज तो देतो. दशांश चिन्हापुढील सहा आकडे हा उघड उपहास आहे : प्रतिमानकारांच्या खोट्या नेमकेपणाची ती नक्कल आहे. परंतु उपहासाने का होईना, त्याने पक्ष मांडला, आणि पक्ष मांडला म्हणूनच तो तपासता येतो. अलीकडच्या काळात पृथ्वीच्या तापमानवाढीचा वेग दर दशकाला सुमारे ०.२ अंश राहिला आहे. म्हणजे शंभर वर्षांसाठी दिलेल्या अंदाजातील जवळपास निम्मे अंतर पहिल्या वीस वर्षांतच कापले गेले. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ हे वर्ष औद्योगिकपूर्व काळापेक्षा सुमारे १.५५ अंशांनी अधिक उष्ण होते. कादंबरीतील दुसरी एक कल्पनाही काळाने तपासून दिली आहे. 'वानुतु' नावाच्या काल्पनिक बेटराष्ट्राच्या वतीने समुद्रपातळीच्या प्रश्नावर उभा केलेला खटला कादंबरीत प्रसिद्धीचा फार्स म्हणून रंगविला आहे. प्रत्यक्षात वानुआतु या खऱ्या बेटराष्ट्राच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२३ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागितले, आणि हवामानाच्या रक्षणाविषयी राष्ट्रांवर कायदेशीर बंधने आहेत असे मत त्या न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी दिले.

४

येथे थांबलो तर हा लेख एकतर्फी होईल. संशय घेणाऱ्याची परीक्षा जशी झाली, तशी ज्याच्यावर संशय घेतला जातो त्याचीही व्हावयास हवी. त्यासाठी आपल्या जवळचे, हिमालयाचे, उदाहरण घेऊ.

'आयपीसीसी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरशासकीय मंडळाचा चौथा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या दुसऱ्या, सुमारे हजार पानांच्या खंडात, आशियावरील दहाव्या प्रकरणात, एक विधान होते. सध्याचा वेग राहिला तर हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता असून त्यांचे क्षेत्र ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर येईल, असा त्याचा आशय होता. पाठचिकित्सा जाणणाऱ्याला हे वाक्य वाचताच खटकावे. हिमनद्या नाहीशा होणार असतील तर उरलेले १ लाख चौरस किलोमीटर कोणाचे? शिवाय हिमालयातील हिमनद्यांचे क्षेत्र ५ लाखांच्या जवळपासही नाही.

या पाठाचा माग पुढे अभ्यासकांनी काढला. अहवालाने आधार दिला होता तो एका निसर्गसंरक्षण संस्थेच्या २००५ मधील प्रकाशनाचा; त्या प्रकाशनाचा आधार होता 'न्यू सायंटिस्ट' साप्ताहिकातील १९९९ च्या एका वृत्तलेखाचा, आणि वृत्तलेखाचा आधार होता एका हिमनदीतज्ज्ञाच्या मुलाखतीचा. परिच्छेदातील शब्दरचना मात्र त्याच वर्षी दिल्लीच्या 'डाउन टु अर्थ' पाक्षिकात आलेल्या मजकुराशी मिळतीजुळती होती. ५ लाख आणि १ लाख हे आकडे रशियन हिमनदीशास्त्रज्ञ कोतल्याकोव यांच्या १९९६ च्या अहवालात आढळतात. परंतु तेथे ते ध्रुवप्रदेश वगळता जगातील सर्व हिमनद्यांविषयी आहेत, आणि वर्ष २३५० आहे. दोन अंकांची अदलाबदल झाली आणि तीनशे वर्षे गळून पडली. त्याच प्रकरणातील तक्त्यात पिंडारी हिमनदीची माघार वर्षाला १३५.२ मीटर दाखविली होती : २८४० मीटर या अंतराला १२१ वर्षांऐवजी २१ ने भागले गेले होते. खरा आकडा सुमारे २३.५ मीटर येतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. त्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला येथे काय घडले ते समजावून सांगण्याची गरज नाही. एकाच आदर्शप्रतीवरून उतरविलेली दहा हस्तलिखिते दहा साक्षीदार ठरत नाहीत. त्यांचे मोल एकाच साक्षीदाराचे असते. हस्तलिखितांची संख्या मोजावयाची नसते, त्यांचे कूळ पाहावयाचे असते. २०३५ हा पाठ अनेक ठिकाणी आढळत होता, आणि त्या आढळण्यालाच पुरावा समजले गेले. मसुद्याच्या परीक्षणात शंका नोंदल्या गेल्या होत्या. त्यांकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

पुढील प्रसंग अधिक बोधप्रद आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांचे हिमालयीन हिमनद्यांवरील चर्चापत्र प्रसिद्ध केले. हिमनद्यांची माघार असाधारण असल्याचा पुरावा नाही, असा त्याचा रोख होता. मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी ही भूमिका म्हणजे जादूटोण्याचे विज्ञान, अशा अर्थाच्या शब्दांत ती उडवून लावली. जानेवारी २०१० मध्ये मंडळाला २०३५ चे विधान पुरेशा आधाराविना केले गेल्याचे मान्य करून खेद व्यक्त करावा लागला. प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी प्रश्नकर्त्याची जात ठरविणे हा जल्पाचा मार्ग आहे, आणि तो येथे सत्य ज्यांच्या बाजूने बरेचसे होते त्यांनीच अवलंबिला. 'बरेचसे' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. कारण चूक दुरुस्त झाल्यावर हिमनद्यांचे वितळणे थांबले नाही. हिंदुकुश-हिमालय प्रदेशाविषयी काठमांडूच्या 'इसिमोड' या संस्थेच्या पुढाकाराने २०१९ साली झालेल्या मूल्यमापनानुसार, तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरी या प्रदेशातील सुमारे एक-तृतीयांश हिमनद्या शतकाअखेर नष्ट होतील. २०२३ च्या अहवालानुसार २०११–२०२० या दशकात त्यांची घट आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झाली.

या प्रसंगातून दोन निष्कर्ष निघतात, आणि ते दोन्ही एकत्र धरणे आवश्यक आहे. २०३५ वर शंका घेणारे बरोबर होते. २०३५ चुकले म्हणून सारेच रचलेले, असा निष्कर्ष काढणारे चूक होते. पहिल्यांनी पाठ शोधला, खरा आकडा मांडला आणि ते बांधले गेले. दुसऱ्यांनी एका अशुद्ध पाठावरून संपूर्ण ग्रंथ प्रक्षिप्त ठरविला. चिकित्सक आवृत्तीच्या संपादकाने असे केले असते तर महाभारताचे एकही पर्व हाती राहिले नसते.

५

तिसरी संहिता काळाने सर्वांत आधीची, आणि माझ्या मते संशयाचा सर्वांत प्रगल्भ नमुना आहे. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांची 'ग्लोबल वॉर्मिंग इन ॲन अनईक्वल वर्ल्ड' ही पुस्तिका दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने १९९१ साली प्रसिद्ध केली. तिच्या उपशीर्षकातच पर्यावरणीय वसाहतवादाचा आरोप आहे. निमित्त होते वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटचा १९९०–९१ चा अहवाल. त्यात हरितगृह वायूंच्या उत्सर्जनासाठी सर्वाधिक जबाबदार अशा पहिल्या पाच देशांत ब्राझील, चीन आणि भारत यांची गणना झाली होती.

लेखकद्वयाने 'तापमानवाढ हे थोतांड आहे' असे म्हटले नाही. त्यांनी त्या अहवालाच्या आकडेमोडीत दडलेले एक नैतिक गृहीत शोधले. समुद्र आणि वने मिळून उत्सर्जनाचा काही भाग शोषून घेतात. हा शोषणाचा लाभ कोणाच्या खात्यावर मांडावयाचा? अहवालाने तो उत्सर्जनाच्या प्रमाणात वाटला होता. म्हणजे जो अधिक धूर सोडतो त्याला सामाईक मालमत्तेत अधिक वाटा. लेखकांनी तो लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून पुन्हा हिशेब केला, आणि भारत व चीन यांचा वाटा अत्यल्प झाला. भातखाचरातील मिथेन आणि चैनीच्या मोटारीचा धूर हे एकाच रकान्यात मांडता येतील काय, हा त्यांचा दुसरा प्रश्न. त्यातून जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन असा भेद पुढे आला. १९९२ च्या रिओ परिषदेत स्वाक्षरीसाठी खुल्या झालेल्या करारातील 'समान परंतु भिन्न जबाबदारी' या तत्त्वामागे विकसनशील देशांतील जो युक्तिवाद उभा होता, त्याला या पुस्तिकेने आकड्यांचे बळ दिले.

या संशयाला प्रयोगशाळेतूनही पुष्टी मिळाली. भारतीय भातशेतीतून वर्षाला सुमारे ३ कोटी ८० लाख टन मिथेन बाहेर पडतो, असा एका अमेरिकी शासकीय यंत्रणेचा अंदाज होता. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ए. पी. मित्र यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली देशभरातील शेतांत प्रत्यक्ष मोजणी झाली, आणि आकडा सुमारे ४० लाख टनांवर आला. परक्या हवापाण्यातील मोजमापे आपल्या खाचरांवर लादल्याने फुगवटा निर्माण झाला होता. येथे संशय मोजपट्टी घेऊन चिखलात उतरला, आणि परत आला तो निर्णय घेऊनच.

अर्थात ही पुस्तिकाही निर्दोष नाही. तिने राष्ट्र हे एकक धरले; राष्ट्राच्या पोटातील विषमता त्यामुळे झाकली जाते. आज एकूण वार्षिक उत्सर्जनात भारताचा क्रमांक जगात तिसरा आहे. दरडोई प्रमाण अजूनही जागतिक सरासरीहून कमी आहे. या दरडोई सरासरीच्या छायेत शहरी चैनीचे उत्सर्जन सुखाने लपू शकते, आणि भूमिहीन मजुराच्या नावे मिळविलेली सवलत तिसराच कोणी उपभोगू शकतो. परंतु हा आक्षेप कोणत्या निकषाने घेतला ते पाहावे. जगणे आणि चैन हा भेद त्या लेखकांचाच आहे. त्यांनी पक्ष मांडला, हिशेबाची रीत उघड केली, म्हणून त्यांच्याच रीतीने त्यांना प्रश्न विचारता येतो. वादाचे हेच लक्षण आहे. वैतंडिकाला असा प्रश्न विचारता येत नाही, कारण त्याने आपल्या हाती काहीच दिलेले नसते.

६

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. वितंडा ही इतकी हीन गोष्ट आहे काय? नागार्जुनाने स्वतःची प्रतिज्ञाच नसल्याचे सांगितले. श्रीहर्षाने 'खंडनखंडखाद्य' या ग्रंथात नैयायिकांच्या व्याख्या एकामागून एक उद्ध्वस्त केल्या, त्याही स्वतःची व्याख्या पुढे न करता. आपली आधुनिक विरचनाही याच कुळातील आहे. मग हवामानविषयक शंकेखोरालाच पक्ष मांडण्याची सक्ती का?

उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. पहिले असे की, श्रीहर्षाचे खंडन निःपक्षपाती आहे. ते सर्वच व्याख्यांना लागू होते. क्रायटन यांच्या परंपरेतील संशय निवडक आहे. हवामानाच्या प्रतिमानातील अनिश्चितता त्याला दिसते. धोरणाचा खर्च फार येईल असे सांगणाऱ्या आर्थिक प्रतिमानातील अनिश्चितता दिसत नाही. शास्त्रज्ञाला मिळालेले अनुदान दिसते, तेलाच्या पैशाचे पाठबळ दिसत नाही. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे असे की, व्याख्येविषयीच्या वादात पक्ष न घेता राहता येते, धोरणाविषयीच्या वादात राहता येत नाही. निर्णय होईपर्यंत परमार्थ थांबतो. धुराडी थांबत नाहीत. 'अजून निश्चित नाही, तेव्हा काही करू नये' या वाक्याचा पूर्वार्ध वितंडेचा आहे, उत्तरार्ध मात्र पूर्ण स्थापना आहे, आणि तिच्यासाठी कोणतेही प्रमाण दिलेले नाही. वात्स्यायनाने वैतंडिकाला विचारलेला प्रयोजनाचा प्रश्न येथेच, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांच्या सांध्यावर, विचारावयाचा असतो.

हाच प्रश्न कार्यकर्त्यालाही विचारता येतो. अमुक वर्षापर्यंत अमुक न झाल्यास सर्वनाश, अशा मुदतींची भाषा चळवळीला सोयीची असते. परंतु मुदत टळली आणि सर्वनाश दिसला नाही, की त्या भाषेने मिळविलेले सारे लक्ष उलटे फिरते. बदल हळूहळू होतो, असमान रीतीने होतो, आणि ज्यांचा वाटा सर्वांत कमी त्यांना तो आधी भोवतो, हे सांगणारे वाक्य कमी थरारक असते, पण खरे असते. शंका घेणाऱ्या प्रत्येकाला विकला गेलेला ठरविणारा कार्यकर्ता संशय आणि निर्णय यांमधील वाट स्वतःच बंद करतो. मग वितंडेखेरीज दुसरा मार्ग विरोधकालाही उरत नाही.

आपल्या वर्गांत संशयी वाचन शिकविले जाते, आणि ते शिकवले जावे. पण विद्यार्थी एखाद्या अहवालाविषयी, कादंबरीविषयी वा सिद्धान्ताविषयी 'हे घडविलेले आहे' असे लिहून थांबतो, तेव्हा त्याला पूर्ण गुण देऊन आपण त्याचे नुकसान करतो. घडविलेले तर सारेच असते. चिकित्सक आवृत्तीही घडविलेलीच आहे. नीट घडविले की वाईट, कोणत्या प्रतींवरून, कोणते पाठ वगळून, आणि त्याऐवजी कोणता पाठ घ्यावा, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. ती त्याने टाळली, तर उद्या त्याने गिरविलेले वाक्य कोण कशासाठी वापरील यावर त्याचा ताबा राहणार नाही, आणि त्याला ते शिकविणारे म्हणून आपलाही राहणार नाही.